गाठ सापडल्यानंतरचे दिवस मोजा

ऑक्टोबर उजाडला की इमारतींवर गुलाबी दिवे लागतात आणि वर्तमानपत्रांत ठरलेला मथळा येतो: स्तनाचा कर्करोग वाढतो आहे. मथळा खोटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात १ लाख ९२ हजार स्त्रियांमध्ये हा आजार नव्याने आढळला. मात्र त्याच तक्त्यातल्या पुढच्या रकान्याचा मथळा क्वचितच होतो. त्या एका वर्षात या आजाराने ९८ हजार स्त्रिया दगावल्या. अमेरिकेत त्याच वर्षी नव्या रुग्णांची संख्या पावणेतीन लाखांच्या घरात होती आणि मृत्यू त्रेचाळीस हजारांच्या आसपास. आजार तिकडे जास्त, मरण इकडे जास्त. हे गुणोत्तर ओबडधोबड आहे, हे मान्य. तिकडे मॅमोग्राफीत अशाही बारीक गाठी सापडतात ज्यांनी त्या बाईला आयुष्यभर कधी त्रास दिला नसता, त्यामुळे रुग्णसंख्या फुगते. ती सगळी वजावट केली तरी फरक पुसला जात नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांचे कल नीट वाचले तर मला त्यातून एकच गोष्ट ठळक दिसते. किती जणींना हा आजार होईल, यावर सरकारचे किंवा समाजाचे फारसे चालत नाही. झाल्यावर किती जणी जगतील, हे मात्र ठरवता येते, आणि ते गाठ हाताला लागल्यापासून पुरा उपचार मिळेपर्यंतच्या दिवसांत ठरते.

आधी वाढीचे पाहू, कारण तिच्यावरून बायकांना बरीच बोलणी खावी लागतात. भारतातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत सुरू केली. ही सोसायटी उभारणाऱ्या डॉ. डी. जे. जस्सावाला यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातले आकडे समाजवार मांडले, तेव्हा एक गोष्ट लगेच नजरेत भरली: पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग इतरांपेक्षा बराच जास्त, आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग बराच कमी. पारशी मुली शिकत होत्या, लग्ने उशिरा करत होत्या, त्यांना मुले कमी होत होती. पुढे उरलेल्या मुंबईनेही तोच रस्ता धरला आणि शहराचा आलेख पारशी समाजाच्या आलेखाकडे सरकू लागला. दुसरे टोक बार्शीत दिसते. तिथली ग्रामीण नोंदणी १९८७ची, देशातली पहिली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांत रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहून चालणार नव्हते; नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जात, सरपंचाला भेटत, घरोघर विचारत. त्या नोंदीत कित्येक वर्षे गर्भाशयमुखाचा कर्करोग अव्वल राहिला. आजही त्या पट्ट्यातला स्तनाच्या कर्करोगाचा दर मुंबईच्या निम्म्याच्या आसपास आहे. मुंबईत तो दर लाख स्त्रियांमागे तिशीच्या वर गेला आहे. दोन ठिकाणांमध्ये अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आत, पण जगण्याच्या पद्धतीत निदान एका पिढीचा फरक.

या फरकामागची जीवशास्त्राची बाजू आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. इटलीचे वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच नोंदवले होते की मठांतल्या जोगिणींमध्ये हा आजार जास्त दिसतो. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून, जवळपास दीड लाख स्त्रियांच्या नोंदींवरून, हिशेब मांडला गेला: प्रत्येक बाळंतपणामागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी घटतो आणि अंगावर पाजलेल्या प्रत्येक वर्षामागे आणखी ४.३ टक्क्यांनी. म्हणजे पाच-सहा बाळंतपणे आणि प्रत्येक मूल दोन-दोन वर्षे अंगावर, या जुन्या चाकोरीत एक संरक्षण होते. त्याची किंमत बायका बाळंतपणात दगावून, रक्त आटवून, शिक्षण सोडून मोजत होत्या, हे मात्र ‘आपल्या आज्यांना कुठे व्हायचे असले आजार’ म्हणणारे विसरतात. (शिवाय आज्यांपैकी अनेक जणी या आजाराच्या वयापर्यंत जगल्याच नाहीत.) महाराष्ट्रात १९९२-९३ मध्ये एका स्त्रीमागे सरासरी २.९ मुले होती, २०१९-२१च्या पाहणीत ती १.७ वर आली. हे चाक कोणी उलटे फिरवणार नाही, फिरवूही नये. रजोनिवृत्तीनंतरचे वाढलेले वजन, मद्य, बसून राहणे यांचा वाटा आहेच, आणि तिथे जरूर सुधारणा व्हावी. पण वाढीचा मोठा भाग मुली शिकल्या आणि बायका जास्त जगल्या याचाच हिशेब आहे. त्याला ‘पाश्चात्त्य जीवनशैलीचा शाप’ म्हणणे म्हणजे गाठ घेऊन येणाऱ्या बाईला दारातच अपराधी ठरवणे, आणि अपराधी वाटणारी बाई उशिरा येते.

दुसरा गैरसमज असा की भारतात हा आजार ‘तरुण मुलींना’ जास्त होतो. इथल्या रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आसपास, पाश्चात्त्य देशांत ते साठीच्या पुढे. हे खरे आहे. पण आपला देशच तरुण आहे. चाळिशीच्या आतल्या स्त्रियाच जास्त असतील तर रुग्णांमध्येही त्यांचे प्रमाण जास्त दिसणार. चाळिशीच्या आतल्या दर लाख स्त्रियांमागे किती जणींना आजार होतो, असे विचारले तर भारताचा आकडा अमेरिकेहून जास्त येत नाही. हे बारीकसारीक अंकगणिताचे खुसपट नाही. या गैरसमजापायी पंचविशीतल्या मुली धास्तावतात, आणि जिच्याकडे खरे लक्ष जायला हवे ती पंचावन्न-साठची बाई कोणत्याच पोस्टरवर नसते.

आता मृत्यूचा आलेख. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाचा मृत्युदर १९८९ साली शिखरावर होता. तिथून २०२२ पर्यंत तो ४४ टक्क्यांनी उतरला. त्याच काळात आजाराचा दर मात्र खाली आला नाही. १९८०च्या दशकात मॅमोग्राफी पसरली तसा तो चढला. २००२च्या जुलैमध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या संयुक्त हार्मोन गोळ्यांचे धोके एका मोठ्या चाचणीत उघड झाले, लाखो बायकांनी गोळ्या बंद केल्या आणि पुढच्याच वर्षी दर सुमारे ७ टक्क्यांनी खाली आला. २०१२ नंतर तो पुन्हा वर्षाला साधारण एक टक्क्याने चढतो आहे. आजार वाढतो आणि मरण घटते, हे दोन्ही एकाच वेळी घडू शकते, याचा याहून चांगला पुरावा नको. मरण कशाने घटले, यावर तज्ज्ञांत तीस वर्षे वाद आहे. जानेवारी २०२४ मध्ये ‘जामा’ नियतकालिकात अनेक स्वतंत्र गणिती प्रारूपांवर आधारलेला अभ्यास आला. तीस ते एकोणऐंशी वयाच्या अमेरिकी स्त्रियांमध्ये मृत्युदर १९७५ साली लाखामागे ४८ होता, तो २०१९ साली २७ झाला. या सगळ्या बचतीत मॅमोग्राफी तपासण्यांचा वाटा एक चतुर्थांश निघाला. उरलेला तीन चतुर्थांश उपचारांचा: टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या, केमोथेरपी, १९९८ साली आलेले ट्रास्टुझुमॅब, पसरलेल्या आजारावरची औषधे. जगातल्या सर्वांत मॅमोग्राफीप्रेमी देशातही चारातले तीन भाग श्रेय औषधपाण्याचे, हे आपल्याकडच्या शिबिरवाल्यांनी लक्षात ठेवावे.

यावर आक्षेप येतो की प्रारूपे म्हणजे शेवटी गृहीतकांचा खेळ. तपासणी आणि उपचार एकाच काळात सुधारले, मग त्यांचे वाटे वेगळे कसे काढणार? आक्षेप रास्त आहे, आणि इथेच पुरुषांची आकडेवारी कामाला येते. स्तनाचा कर्करोग पुरुषांनाही होतो. अमेरिकेत दर लाख पुरुषांमागे वर्षाला साधारण एक, म्हणजे वर्षाकाठी २ हजार ८०० च्या आसपास रुग्ण. एकूण रुग्णांत शंभरातला जेमतेम एक. १९७०च्या दशकापासून तो दरही संथपणे वर सरकला आहे. पुरुषांना मॅमोग्राफी करून घ्या, असे सांगणारी सार्वत्रिक मोहीम जगात कुठेच नाही. तेव्हा पुरुषांच्या आलेखात जी सुधारणा दिसेल तिचे श्रेय तपासणी शिबिरांना देता येणार नाही. अमेरिकी नोंदींवरचा २०१०चा एक अभ्यास नेमके हेच दाखवतो. १९७६-८५ मध्ये निदान झालेल्यांची १९९६-२००५ मधल्यांशी तुलना केली, वय, टप्पा आणि गाठीची प्रत यांचा फरक वजा केला, तेव्हा या आजाराने मरण्याचा धोका पुरुषांमध्ये २८ टक्क्यांनी घटलेला दिसला. स्त्रियांमध्ये घट ४२ टक्क्यांची. म्हणजे एकाही तपासणी मोहिमेविना, केवळ उपचार सुधारल्याने, पाव भागाहून जास्त धोका कमी झाला.

२८ आणि ४२ यांच्यातले अंतरही बोलके आहे. त्यातले थोडे श्रेय स्त्रियांच्या मॅमोग्राफीला असेल. टप्प्याची वजावट केली तरी लवकर निदानाचा परिणाम पुरता निघून जात नाही. पण पुरुष मागे राहिले याचे एक कारण उघड आहे: औषधांच्या चाचण्यांतून त्यांना वर्षानुवर्षे वगळले गेले. पुरुष रुग्णांनाही अशा चाचण्यांत घ्या, असे मार्गदर्शन अमेरिकेच्या औषध नियामकाने काढले ते २०२० साली. पुरुषाच्या छातीत स्तनाग्रामागे कडक गाठ येते, स्तनाग्र आत ओढले जाते, कधी रक्तमिश्रित स्राव येतो. दुखत काहीच नाही. ती चरबी समजली जाते, आणि ‘बायकांचा आजार’ म्हणून बोलायची लाज वाटते. दहातल्या नऊ पुरुषांच्या गाठी हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या असतात, म्हणजे टॅमॉक्सिफेन त्यांना लागू पडते. बीआरसीए-२ या जनुकात दोष असेल तर त्याच्या बहिणींना आणि मुलींनाही सावध करता येते. शंभरातला एक म्हणून त्याला आकडेवारीत सोडून देणारी व्यवस्था इतरांनाही सोडत असते, फक्त ते लवकर दिसत नाही.

मग तपासणी नकोच का? हवी, पण कोणती, हे मुंबईनेच दाखवून दिले आहे. टाटा मेमोरियलने १९९८ साली मुंबईतल्या वस्त्यांमध्ये एक चाचणी सुरू केली: ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार स्त्रिया, वीस गट, त्यातल्या निम्म्या गटांत दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी, अशा चार फेऱ्या. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. मधल्या तीन बोटांचे पेर टेकवून, आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब देत, गळपट्टीच्या हाडापासून काखेपर्यंत एकही पट्टा न सोडता चाचपायचे. यंत्र नाही, वीज नाही, आडोशाला पडदा पुरतो. डॉ. इंद्रनील मित्र आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षांचा निकाल २०२१ साली ‘बीएमजे’मध्ये मांडला. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातले रुग्ण ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये मृत्युदर जवळपास ३० टक्क्यांनी कमी.

टीकाकार म्हणतात, सगळ्या वयांचा मिळून विचार केला तर मृत्यूतली घट १५ टक्केच भरली आणि संख्याशास्त्राच्या निकषावर ती टिकली नाही. बरोबर आहे, आणि ते लपवण्याचे कारण नाही. पन्नाशीच्या आत या तपासणीने मृत्यू कमी झाले, असे ही चाचणी म्हणत नाही. पण आपल्यापुढे खरा पर्याय कोणता आहे? कॅनडात १९८० पासून सुमारे ९० हजार स्त्रियांवर झालेल्या चाचणीत २५ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही, चाळीस ते एकोणसाठ वयात, हातच्या तपासणीला वार्षिक मॅमोग्राफीची जोड दिल्याने मृत्यूंत जास्तीची घट दिसली नाही; उलट मॅमोग्राफीत सापडलेल्या दर पाचांपैकी एका कर्करोगाचे निदान अनाठायी ठरले. त्या चाचणीतल्या वाटणीवर आणि यंत्रांच्या दर्जावर वाद झाले आहेत, तेव्हा मी तिला शेवटचा शब्द मानत नाही. तरीही मॅमोग्राफीची गाडी गावात नेण्यापूर्वी तिच्या फिल्म कोण वाचणार, संशयास्पद निघालेल्या बाईची बायोप्सी कुठे होणार, हे विचारले पाहिजे. गाडी संध्याकाळी परत जाते. बाई गावातच राहते. आणि ज्या देशात तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांपैकी एकीनेही कधी स्तनांची तपासणी करून घेतलेली नाही (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१चा आकडा ०.९ टक्के आहे), तिथे पहिले पाऊल यंत्राचे असूच शकत नाही. पाच वर्षांतून एकदा हाताने तपासणी करावी, असे केंद्राचे मार्गदर्शन २०१६ पासून कागदावर आहे.

खरी गळती गाठ सापडल्यानंतर सुरू होते. गाठ दुखत नाही म्हणून काही महिने जातात. मग तालुक्याच्या दवाखान्यात कोणी ‘काढून टाकू’ म्हणतो, गाठ काढतो, आणि काढलेला तुकडा तपासायला पाठवतच नाही. टाके सुकतात, सहा महिन्यांनी काखेत दुसरी गाठ येते. जिथे सुई-तपासणी होते तिथे हार्मोनच्या आणि हर-टू या प्रथिनाच्या चाचण्यांसाठी तुकडा मोठ्या शहरात जातो. अहवाल येईपर्यंत पुढचा डॉक्टर बदललेला असतो. केमो दर एकवीस दिवसांनी, मग काही आठवडे रोज रेडिएशन, आणि रोज म्हणजे रोजचा प्रवास, कोणाची तरी बुडालेली मजुरी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत आणि त्याने हजारो घरे कर्जातून वाचली असतील. पण योजनेचा भर रुग्ण दाखल झाल्यानंतरच्या खर्चावर आहे, आणि दाखल होईपर्यंतचे दिवस, फेऱ्या, चाचण्या बहुतांशी बाईच्या पदराला. या दिवसांची किंमत देशातल्या अकरा नोंदणी क्षेत्रांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळते. पाच वर्षे जगण्याचे प्रमाण एकूण ६६ टक्के. आजार स्तनापुरता असताना पकडला तर ८१, काखेपर्यंत गेला तर ६५, शरीरभर पसरला तर १८. अमेरिकेत एकूण प्रमाण नव्वदीच्या घरात आहे.

‘नवी औषधे आपल्याला परवडणार नाहीत’ हा शेवटचा आक्षेप. काही खरोखर परवडत नाहीत. पण मृत्यूचा आलेख ज्यांनी वाकवला त्यातली बहुतेक औषधे जुनी झाली आहेत. टॅमॉक्सिफेन १९७०च्या दशकातले आहे. पाच वर्षे घेतलेल्या या स्वस्त गोळीने, हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या गाठींत, मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात. ट्रास्टुझुमॅबची भारतीय आवृत्ती २०१४ साली बाजारात आली. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या अकरा केंद्रांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गाठ कापण्याआधी तिच्याभोवती साधे भुलीचे इंजेक्शन दिल्याने पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. लिडोकेन ते, दात काढतानाचे. अशा ज्ञानाची आपल्याकडे वानवा नाही. ते सोलापूर, नांदेड, गडचिरोलीच्या बाईपर्यंत वेळेत पोहोचत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आखलेल्या कार्यक्रमात तीन मोजमापे दिली आहेत: साठ टक्क्यांहून अधिक रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत, दवाखान्याची पायरी चढल्यापासून साठ दिवसांत निदान पुरे व्हावे, आणि ऐंशी टक्के रुग्णांनी उपचार अर्धवट न सोडता पूर्ण करावेत. महाराष्ट्र सरकारने ही तिन्ही मोजमापे जिल्हावार, दरवर्षी, ऑक्टोबरमध्येच जाहीर करावीत. किती शिबिरे झाली आणि किती बायका रांगेत उभ्या राहिल्या, हा आकडा त्यात नसला तरी चालेल. काढलेली प्रत्येक गाठ प्रयोगशाळेत गेलीच पाहिजे, असा नियम असावा आणि त्याचा खर्च सरकारने उचलावा. आशाताईंना चाचपणीचे शिक्षण देताना पन्नाशीपुढच्या बायकांची यादी आधी हातात द्यावी. आणि तक्त्यात पुरुषांचा रकाना वेगळा ठेवावा. त्यात जिल्ह्यामागे दोन-चार नावेच येतील, पण त्यांचे दिवसही मोजले जावेत.